तडा वाढताना पाहायचा असेल तर: दगडाच्या एक्स-रे स्कॅनची सुरुवात

दगडावर दाब देण्याआधी त्याचा एक स्कॅन काढून ठेवा. या लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या. माझ्या पहिल्या प्रयोगात मी तो काढला नव्हता. घट्ट काळ्या बेसाल्टचा छान दंडगोल तयार केला, प्रेसखाली धरला, आतून आवाज आल्यावर थांबलो आणि मग नमुना स्कॅनिंगला पाठवला. चित्रं आली, त्यात तडे स्पष्ट दिसत होते. पण त्यातला कोणता माझ्या दाबाने पडला, कोणता कोअर (दगडातून कापून काढलेला दंडगोल) कापताना पडला आणि कोणता लाव्हा निवला तेव्हापासून तिथेच होता, हे सांगायची काहीच सोय नव्हती. तीन आठवड्यांची मेहनत त्या एका प्रश्नावर अडली. तेव्हापासून मी आणि माझ्याबरोबर काम करणारी मुलं या आधीच्या स्कॅनला ‘शून्य स्कॅन’ म्हणतो.

हा लेख भूशास्त्राच्या आणि सिव्हिलच्या अशा विद्यार्थ्यांसाठी आहे ज्यांच्याकडे एक्स-रे मशीन नाही, पण दगड भरपूर आहे. कोल्हापुरात दगडाला तोटा नाही. अंबाबाईचं देऊळ, पंचगंगेचा घाट, खिद्रापूरचा कोपेश्वर, सगळं काळ्या पाषाणातलं. रंकाळासुद्धा मुळात दगडाची खाण होता असं सांगतात. हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आणि कोयना आपल्यापासून फार लांब नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने हादरलेल्या त्या भागात शास्त्रज्ञांनी अलीकडे ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर खाली ग्रॅनाइटी खडक लागला. या कामासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडलाच आहे. भूकंप म्हणजे खडकातली जुनी भेग सरकणं. ती भेग वाढते कशी, कुठे थांबते, कशाला वळसा घालते, हे बोटाएवढ्या दगडात डोळ्यांनी पाहता येतं. मला या कामाची ओढ लागली ती त्यामुळेच.

एक्स-रेला काय दिसतं

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे लगेच कळतं. कास्टिंगमधला ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेली हवेची पोकळी, फिल्मवर काळा उमटतो, कारण तिथे किरण अडवायला धातूच नसतो. दगडातला तडाही तसाच काळा. पण ब्लोहोल गोल असतो, तडा कागदासारखा पातळ. एकाच दिशेने काढलेल्या साध्या एक्स-रेमध्ये तडा किरणांना आडवा असला तर २० मिलिमीटर दगडातला फक्त ०.०५ मिलिमीटर भाग कमी होतो, म्हणजे पाव टक्का. तो फरक डोळ्याला दिसत नाही. तोच तडा किरणांच्या रेषेत उभा असेल तर सुरीने कापल्यासारखा दिसतो. तडा कोणत्या दिशेला आहे हे आधी माहीत नसल्यामुळे नमुना थोडा थोडा फिरवत हजार-दोन हजार चित्रं घ्यायची आणि त्यावरून संगणकाने आतला प्रत्येक बिंदू मोजायचा. दवाखान्यातला सीटी स्कॅन याच तत्त्वावर चालतो, ज्यासाठी हॉन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ चं नोबेल मिळालं.

हाती येतं ते छोट्या छोट्या घनांचं ठोकळ्यासारखं चित्र. एका घनाला व्होक्सेल म्हणतात आणि प्रत्येकाला करड्या रंगाची एक छटा असते. पदार्थ जितका जड आणि लोहयुक्त, तितकी छटा उजळ. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण पांढरे चमकतात, प्लॅजिओक्लेज हे खनिज मधल्या छटेचं दिसतं, पोकळ्यांत भरलेलं झिओलाइट हे खनिज त्याहून गडद आणि हवा काळी.

दगड कुठला घ्यायचा

सुरुंगाने फोडलेला दगड घेऊ नका. त्यात आधीच असंख्य बारीक तडे असतात. मी क्रशरच्या ढिगातले तुकडे उचलत होतो तेव्हा शेजारी पाटे घडवणाऱ्या एका पाथरवट काकांनी मला थांबवलं. त्यांनी दोन तुकडे घेतले, एकेक तळहातावर सैल धरला आणि छिन्नीच्या मागच्या टोकाने टिचकी मारली. एक खणखणला. दुसरा बद्द वाजला. “ह्यो आतनं गेलाय, घेऊ नगा,” म्हणाले. वरून दोन्ही तुकडे सारखेच दिसत होते. बद्द वाजलेला आम्ही मुद्दाम स्कॅन केला, तर मधोमध तिरकी भेग निघाली. दगडातून जाणारं कंपन भेगेपाशी विरून जातं, म्हणून आवाज मरतो. आता नमुन्याची पहिली परीक्षा आम्ही कानानेच घेतो.

सुरुवातीला बिनछिद्राचा, बारीक कणांचा घट्ट बेसाल्ट घ्या. पांढऱ्या झिओलाइटच्या गाठी असलेला दगड फार मोहात पाडतो, पण नमुन्याचा व्यास सगळ्यात मोठ्या कणाच्या निदान दहापट असावा असा संकेत आहे. पाच मिलिमीटरची गाठ पंधरा मिलिमीटरच्या नमुन्यात बसली की तुम्ही दगडाचा नव्हे, त्या गाठीचा अभ्यास करत असता. तो दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. पन्हाळ्याचा जांभा तर आणखी पुढे. तो सच्छिद्र, लोहाने भरलेला आणि ओला.

आकार: इथे घाई करू नका

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. मोठा नमुना घेतला तर निकाल जास्त खरा, असं वाटतं. एक्स-रेमध्ये उलटं होतं. डिटेक्टर २००० पिक्सेल रुंद असेल आणि नमुना ५० मिलिमीटरचा, तर एक व्होक्सेल २५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तोच नमुना १५ मिलिमीटरचा केला तर साडेसात मायक्रॉन. शिवाय जाडी वाढली की किरण पोचतच नाहीत. १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच्या किरणांपैकी २० मिलिमीटर बेसाल्टमधून ढोबळमानाने एक तृतीयांश बाहेर पडतात, ५० मिलिमीटरमधून जेमतेम सहा टक्के. उरलेलं चित्र खरखरीत येतं.

दाबाचा हिशेबही पाहा. घट्ट बेसाल्टची दाबशक्ती १५० मेगापास्कल धरली तर २० मिलिमीटर व्यासाचा दंडगोल फोडायला ४७ किलोन्यूटन, म्हणजे पावणेपाच टनांच्या वर बळ लागतं. १० मिलिमीटरला सव्वा टनाच्या आत काम होतं. स्कॅनरमध्ये फिरणाऱ्या टेबलावर बसेल एवढी छोटी दाबयंत्रणा बनवायची असेल तर हा फरक फार मोठा आहे.

दवाखान्याच्या सीटीचा व्होक्सेल साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. केसाएवढी भेग त्यात निसटू शकते. पण मोठ्या कोअरमधून चांगला भाग निवडायला, रुग्णांची वेळ न मोडता आणि रीतसर परवानगी काढून, त्याचा उपयोग होतो. तडा वाढताना पाहायला मात्र मायक्रो-सीटीच हवं, म्हणजे काही मायक्रॉनचा व्होक्सेल देणारं सीटी यंत्र.

माझी शिफारस: १५ मिलिमीटर व्यासाचा, ३० मिलिमीटर उंच दंडगोल. वरच्या टोकाला बरोबर व्यासाच्या रेषेत पातळ डायमंड ब्लेडने ८ मिलिमीटर खोल खाच. डायमंड कोअर बिट पाण्याखाली सावकाश चालवा. बिट दाबून घाई केली की कडेला नवे तडे पडतात, आणि ते शून्य स्कॅनमध्ये दिसतातच. नमुना ५०-६० अंशांवर वाळवा, लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत. जास्त तापवू नका: झिओलाइटमधलं पाणी निघून जातं आणि उष्णतेनेच दगड तडकू शकतो. दिशेची खूण पेन्सिलने करा. धातूचा टॅग चिकटवू नका.

पाचर

बहुतेक पुस्तकं दंडगोल उभा दाबायला सांगतात. नवख्याने तिथून सुरू करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घट्ट बेसाल्ट दाबाखाली शेवटपर्यंत शांत राहतो आणि मग क्षणात फुटतो. स्कॅनला अर्धा तास ते दोन तास लागतात. तडा सुरू होणं आणि नमुन्याचा चुरा होणं यांत तेवढा वेळ दगड देतच नाही.

पाथरवट दगड कसा चिरतो ते आठवा. ओळीत भोकं पाडतो, प्रत्येकात पाचर बसवतो, आळीपाळीने एकेक हलका घाव घालतो आणि मधे थांबून ऐकतो. पाचर जेवढी आत जाते तेवढीच भेग पुढे सरकते आणि थांबते, कारण भेग लांबली की तिच्या टोकावरचा ताण कमी होतो. ती आणखी पुढे न्यायला पाचर आणखी आत घालावी लागते. तडा ताब्यात ठेवण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही. ग्रिफिथने १९२१ च्या निबंधात तडा वाढायला किती ऊर्जा लागते याचा हिशेब मांडला. पाथरवटाच्या हाताला तो हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

आम्ही उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून छोटं यंत्र करून घेतलं. अ‍ॅल्युमिनियमची नळी, कारण तिच्यातून किरण सहज जातात. वर झाकण, त्यात अर्धा मिलिमीटर पिचचा स्क्रू, स्क्रूच्या टोकाला १० अंशांची पोलादी पाचर. स्क्रूच्या डोक्यावर वीस रेघांची चकती. एक रेघ फिरवली की पाचर ०.०२५ मिलिमीटर खाली जाते आणि खाच साधारण ४ मायक्रॉन रुंदावते. पोलादामुळे चित्रात पट्टे उमटतात, म्हणून स्कॅनची चौकट पाचरेच्या खालून सुरू करा. लेथवाल्याला ड्रॉइंग देताना एक गोष्ट ठासून सांगा: पाचर खाचेच्या बरोबर मध्यावर यायला हवी. आमची पहिली पाचर थोडी बाजूला होती आणि तडा खाली न जाता वळून कडेने बाहेर पडला.

परवानगी आणि सुरक्षा

इथे तडजोड नाही. भारतात एक्स-रे यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं नियंत्रण आहे. मायक्रो-सीटी बंद शिशाच्या कपाटात असतं, दार उघडलं की किरण आपोआप बंद होतात. तो इंटरलॉक कधीही, कोणत्याही कारणाने निकामी करायचा नाही. यंत्रावर काम करणाऱ्याने अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज लावायचा. कामगारासाठी वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट आणि सामान्य माणसासाठी १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा लक्षात ठेवा. फाउंड्रीत रेडिओग्राफीला इरिडियम-१९२ सारखा किरणोत्सारी स्रोत वापरतात. ओळखीच्या जोरावर “माझ्या दगडाचा एक शॉट मारून द्या” असं कुणाला म्हणू नका. तो स्रोत बटण दाबून बंद होत नाही.

यंत्र ज्या संस्थेत आहे तिला वेळेसाठी लिहाल तेव्हा नमुन्याचा व्यास, घनता, हवा असलेला व्होक्सेल, स्कॅनची संख्या आणि तुमच्या यंत्रणेचं वजन व उंची पहिल्याच पत्रात द्या. पुढे कधी अतिवेगवान स्कॅन हवे झाले तर इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (अतिशय प्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र) चित्रणाची स्वतंत्र बीमलाइन, म्हणजे किरणांची वाट, आहे. पण पहिल्या वर्षी तिकडे धावू नका.

प्रत्यक्ष स्कॅन

नमुना आणि नळी टेबलावर घट्ट बसवा. गरम गोंद निवताना सरकतो. आम्ही दोन घटकांचं इपॉक्सी रात्रभर सुकवतो. एक्स-रे ट्यूब तापून स्थिर होईपर्यंत थांबा. नमुना नसताना एक उजळ चित्र आणि किरण बंद असताना एक काळं चित्र घ्या, नाहीतर डिटेक्टरचे खराब पिक्सेल प्रत्येक कापात गोल कडी होऊन उमटतात. ट्यूबपुढे तांब्याचा पातळ फिल्टर ठेवा. कमी ऊर्जेचे किरण दगडाच्या कडेलाच अडतात आणि आत फक्त ताकदवान किरण पोचतात. त्यामुळे कडा उजळ आणि मध्य गडद दिसतो, आणि तो गडदपणा तडा म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो. फिल्टर ते कमजोर किरण आधीच काढून टाकतो.

क्रम असा ठेवा. पाचर न लावता शून्य स्कॅन. पाचर नुसती टेकवून दुसरा. मग एकेक रेघ फिरवत जा आणि प्रत्येक वेळी स्कॅन करण्याआधी निदान वीस मिनिटं थांबा. ही वीस मिनिटं वाया जात नाहीत. पाचर हलल्यावर दगड आणि यंत्रणा दोन्ही हळूहळू सैलावतात. लगेच स्कॅन घेतला तर सुरुवातीचं आणि शेवटचं चित्र जुळत नाही आणि तडा दुहेरी दिसतो. खोलीचं तापमान आणि आर्द्रता दर वेळी वहीत लिहा. तड्याच्या टोकाशी पाण्याचे रेणू पोचले की सिलिकेटचे बंध कमी ताणातही सुटतात आणि तडा मुंगीच्या पावलाने पुढे जातो. आपल्याकडच्या जुलैतला निकाल आणि एप्रिलमधला निकाल एका तक्त्यात शेजारी ठेवण्याआधी वही उघडून पाहा.

चित्रातून आकडे

दोन हजारांचा घन म्हणजे ८०० कोटी व्होक्सेल; १६ बिटांत त्याची एक फाइल १६ जीबीची. सहा टप्पे म्हणजे जवळपास १०० जीबी. आधी नको असलेली कड कापून टाका. फिजी हे मोफत सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरेसं आहे.

मग टप्पे एकमेकांवर जुळवा. इथे मॅग्नेटाइटचे पांढरे कण फार कामाला येतात: ते जवळजवळ जागा सोडत नाहीत, म्हणून शून्य स्कॅनमधले आणि नंतरच्या स्कॅनमधले तेच कण एकमेकांवर बसवायचे. जुळल्यावर नंतरच्यातून शून्य स्कॅन वजा करा. जुनी भेग, कोअर कापतानाची इजा, खनिजांच्या सीमा, सगळं पुसलं जातं आणि नवा तडा एकटा उरतो. पहिल्यांदा हे पडद्यावर पाहिलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो.

दोन लोहकणांच्या मधे कधी कधी काळी रेघ दिसते. तो तडा नसतो, किरण अडल्याची सावली असते. ती शून्य स्कॅनमध्येही तशीच असते, त्यामुळे सहज पकडता येते. तड्याचे व्होक्सेल वेगळे काढताना सॉफ्टवेअरने आपोआप ठरवलेल्या छटेच्या सीमेवर विसंबू नका. ही सीमा आपोआप काढणारी ओत्सूची पद्धत चित्रातले दोन्ही गट साधारण तुल्यबळ असतील तर चांगली चालते. तडा मात्र एकूण व्होक्सेलच्या टक्काभरही नसतो. सीमा हाताने ठरवा आणि सगळ्या टप्प्यांना तीच लावा.

आता रुंदी. तुमची भेग ४ मायक्रॉन आणि व्होक्सेल साडेसात, तरी ती दिसते, कारण अर्धा व्होक्सेल हवेने भरला की त्याची छटा गडद होते. पण मग काळा पट्टा मोजून रुंदी काढता येत नाही. त्याऐवजी भेगेच्या आरपार छटेचा आलेख काढा आणि त्यातल्या खळग्याचं क्षेत्रफळ मोजा. ते रुंदीच्या प्रमाणात असतं. प्रमाण ठरवायला त्याच दगडाचे दोन घासून सपाट केलेले तुकडे घ्या, मधे कडेला प्लास्टिक फिल्मच्या पट्ट्या ठेवा, फिल्मची जाडी आधी मायक्रोमीटरने मोजा आणि त्याच सेटिंगवर स्कॅन करा. गॅरेजमधली फीलर गेज हाताशी असते, पण ती पोलादी आहे, पट्टे उमटवते.

आणि हे नीट समजून घ्या: चित्रात दिसणारं टोक हे तड्याचं खरं टोक नसतं. भेग पुढे पुढे अरुंद होत जाते आणि एका जागी ती व्होक्सेलच्या इतक्या लहान अंशाची होते की चित्रातल्या खरखरीत हरवते. खरा तडा त्याच्या पुढे गेलेला असतो. त्यापुढे पाहायचं तर दोन स्कॅनमधल्या कणांची सरकण घनाघनाने मोजणारी पद्धत आहे. तिला डिजिटल व्हॉल्यूम कोरिलेशन म्हणतात. तिच्यात भेग दिसत नाही, पण भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून दूर गेल्याचं कळतं. अहवालात ‘तड्याची लांबी’ लिहिताना ‘दिसणारी लांबी’ असं लिहा आणि व्होक्सेलचा आकार शेजारी द्या.

शेवटच्या टप्प्यानंतर नमुना फेकू नका. पाचर जागेवर असतानाच भेगेत निळा रंग मिसळलेलं पातळ इपॉक्सी निर्वाताखाली मुरवा, सुकल्यावर भेगेला आडवा काप घ्या आणि ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ छेद (थिन सेक्शन) बनवा. सूक्ष्मदर्शकाखाली निळी रेघ दिसते. आमच्या एका नमुन्यात ती रेघ प्लॅजिओक्लेजच्या लांबट कणांच्या कडेकडेने गेली होती, एका मॅग्नेटाइटला वळसा घालून पुन्हा आपल्या वाटेला लागली होती आणि स्कॅनमध्ये जिथे टोक दिसलं होतं त्याच्या पुढेही ती निळी रेघ जवळजवळ अर्धा मिलिमीटर गेलेली होती.